शांतेचं अर्धं पत्र

अकोला, मंगळवार, १७ नोव्हेंबर १९६४

आज माझं चुकलंच. संध्याकाळी विजेचा दाब पुन्हा उतरला, रेडिओ नुसता घरघरत होता. बातम्या ऐकू याव्यात म्हणून बायकोला ओरडलो, "शांते, स्वयंपाकघरातला दिवा बंद कर." तिनं मुकाट्यानं केला. मला वाटलं, भाकरी झाल्या असतील.

बातम्यांनंतर कळलं, ती वरूडला आईला पत्र लिहीत होती. आयुष्यातलं पहिलं. अक्षरं मीच शिकवली होती ना तिला?

रेडिओ बंद केला, दिवा लावला. म्हणालो, "लिही आता."

"राहू द्या. काय लिहून राहिली होती, तेच भुलली मी."

कागदावर 'माय, मी इथं' एवढंच होतं. तो तिनं चुलीत सारला. मी हात धरायला हवा होता. नाही धरला.