आरवणाऱ्या तांबडीबद्दल

रविवार, १२ मे २०१३. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ लिहून ठेव.

तेलगाव, १४ मे

चि. राधाकिशन यास अक्काचे आशीर्वाद.

तुम्ही सगळे बरे असाल. मुक्ताचा गुडघा कसा आहे? अंगणापलीकडे वीस पावलांवर राहता म्हणून विचारू नये असं नाही; भावजय माझ्याशी बोलेनाशी झाली, म्हणून पत्रात विचारते.

वर लिहिलेल्या वेळी मी टँकरच्या रांगेत होते. घागर घेऊन परतले तर तुझ्या गड्याच्या, सटवाच्या हातात माझी तांबडी कोंबडी, मान मोडलेली. "माझा काय दोष न्हाई, अक्का. चेअरमन बोलले, मोड." चेअरमन म्हणजे तू.

का, तर ती आरवली.

ती चूक माझी. कोंबडा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिंडऱ्या फोडायचा, म्हणून मार्चमध्ये मीच तो दगडाबाईला देऊन टाकला. कळपात कोंबडा नसला की थोरली कोंबडी त्याची जागा घेते, कधी आरवतेसुद्धा. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून खुराडं साफ करून घ्यायच्या, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलंय. अपशकुन कसला?

आता उरलेल्या सात जणींत वरचढ कोण ते ठरेना. पांढरीच्या शेपटीपाशी रक्त दिसलं आणि सगळ्या तिथेच टोचू लागल्या. तिला डालग्याखाली वेगळी ठेवलीय. जखमेला हळद, वर काजळी, लाल दिसू नये म्हणून. उन्हानं त्या जास्तच पिसाळतात, पण गोणपाट भिजवायला पाणी कुठलं? माझ्या घागरीतलं अर्धं त्यांनाच जातं. तरी काल करडी मेली.

बरं, आता खरं लिहिते. शुक्रवारी दूध सोसायटीच्या सभेत मी उठून विचारलं, चारा छावणीचा टँकर आधी चेअरमनच्या हौदात का रिकामा होतो? तुझ्या विरोधातला भगवानराव फिदीफिदी हसला. तू मान खाली घातलीस. रविवारी त्याच भगवानरावाला ऐकू जाईल असं म्हणालास, "आरवणारी कोंबडी घरात ठिवत न्हाईत, अक्का. घराला लागतं." तेव्हा तू कोंबडीकडे बघत नव्हतास. आणि वर, "उमापूरला आत्याची खोली रिकामीच हाय."

राधाकिशन, उमापुरात मला कोण आहे? आत्याला जाऊन नऊ वर्षं झाली. तिथे मी पडले तर दार कोण वाजवणार? दोन दिवस कोंबडीवरून भांडते आहे, कारण याच्यावरून भांडायला लागले की रडू येतं.

कोंबडा परत मागून आणीन. सभेतला प्रश्न मात्र मागे घेणार नाही, तो खरा आहे.

या खोलीत मी राहायचं की नाही, एवढंच लिही. निरोप नको, मुक्ताकडून नको, सटवाकडून तर मुळीच नको. तेहतीस वर्षं टपालात काढली मी, तोंडी बोललेलं कसं फिरवतात ते मला ठाऊक आहे. शुक्रवार, १७ मे, सकाळी दहाच्या आत, तुझ्या अक्षरात, सहीनिशी. दहाला उमापूरची गाडी फाट्यावर थांबते. कागद आला नाही, तर तेच उत्तर समजून मी तिच्यात बसेन.

शुक्रवारपर्यंत तरी तुझ्याच घरातली,
अक्का