खुणेवर पेटलेला बल्ब

सोलापूर, ता. १० फेब्रुवारी १९७४

ती. अक्कास धाकट्या वीरभद्रप्पाचे शरणु शरणार्थी.

दुधनीत तुमची तूर घरात आली असेल. तुझ्या भावजयीची, दाक्षायणीची, कंबर आता बरी आहे, शेंगाचटणी वेगळी पाठवते आहे. गॅरेज बंद करून भावजींच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं तू सुचवलं होतंस, त्याचं उत्तर राहिलं. ते आज देतो आणि ताठ मानेनं देतो.

मधे माझ्या हातच्या गाड्या त्याच बिघाडानं परत येऊ लागल्या होत्या. त्यात वैरागचा कुंडलिक जुनी जीप घेऊन आला. पोती भरली की चढावर इंजिन खडखडायचं, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत होती. ठिणगीचं हे टायमिंग मी जन्मभर कानानं लावलं, तुला ठाऊक आहे. मनाशी म्हटलं, हीसुद्धा परत आली तर कुलूप लावायचं आणि दुधनी गाठायची.

या वेळी इंजिन बंदच ठेवलं. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या तारेला छोटा बल्ब जोडला, दुसरी तार बॉडीला, आणि चावी दिली. दाक्षायणीनं पदर खोचून हँडल हळूहळू फिरवलं. बल्ब पेटतो तीच ठिणगीची वेळ; पुलीवरची खूण काट्यासमोर आली की तो पेटायला हवा. तो आधीच पेटत होता. डिस्ट्रिब्युटर जरासा सरकवला, पुन्हा फिरवायला लावलं, पुन्हा सरकवला. शेवटी बरोबर खुणेवर पेटला.

"मिस्त्री, कानानं लावा की, ह्यो खेळ कशाला?" असं कुंडलिक म्हणाला होता. दाक्षायणीनं नंतर पाटीवर लिहून दाखवलं.

काल जीप दारात दिसली आणि मी कुलपाकडे पाहिलं. कुंडलिक उतरला, माझे खांदे धरून तोंडासमोर बोलला, "लई झ्याक! भरल्या गाडीनं चढ चढली, कुटं अडली न्हाय." ओठांवरून शब्द न शब्द कळला. मी चालू इंजिनाच्या बॉनेटवर तळहात ठेवला. एकसारखं चालत होतं. मला रडू आलं, लपवलं नाही.

अक्का, दिवाळीपासून मला काही ऐकू येत नाही. गड्ड्याच्या जत्रेत तू मागून हाका मारल्यास, मी वळलो नाही. दाक्षायणीनं सांगितलं तोवर तू रागानं निघून गेली होतीस. बहिरा मिस्त्री म्हणवून घेण्यापेक्षा रागीट भाऊ ठरणं मला सोपं वाटलं.

गॅरेज चालू राहणार. गल्ल्यावर भावजींनी दुसरा माणूस बघावा. तू मात्र ये, आणि आलीस की हाक मारू नकोस, समोर येऊन उभी राहा.

तुझ्यावर कधीच न रागावलेला,
वीरभद्रप्पा मिस्त्री