मोजणीदारांची दहा मिनिटं

मंगळवार, ३ मार्च

मोजणीदारांनी आज एकच वाक्य तीनदा म्हटलं. वहीत मी तिन्ही वेळा घेतलं, टाइप करताना एकदाच ठेवलं. पुनरुक्ती काढायची, भाषा सरळ करायची, अर्थाला हात लावायचा नाही — सव्वीस वर्षं हाच नियम. वरिष्ठ सभागृहात सन्माननीय सदस्य बोलतात, आणि आम्ही प्रतिवेदक खाली टेबलाशी बसून दहा-दहा मिनिटांच्या पाळीने लघुलिपीत उतरवतो. मग वर खोलीत येऊन ते वाचण्यासारखं करायचं. कुणी विचारलं काय काम करता, तर मी सांगते, धुणं. मळकी वाक्यं येतात, पिळून वाळत घालते.

चार वर्षं झाली, हे गृहस्थ माझ्याच पाळीत कसे येतात कोण जाणे. बाकीच्या हसतात. ‘तुमचंच नशीब,’ म्हणतात. मनगट दुखतंय.

बुधवार, ४ मार्च

प्रत तपासायला मोजणीदार वर आले. सदस्य व्हायच्या आधी ते जमीन मोजणी खात्यात होते, म्हणून हे नाव. अजून पावलं मोजत चालतात. जिन्यापासून माझ्या खुर्चीपर्यंत बावीस.

वाचून म्हणाले, “बाई, हे मी बोललो?”

“तुम्हीच बोललात, साहेब.”

“बरं बोललो की.” सही केली. चष्मा टेबलावर विसरून गेले. परत आले, तो घेतला, आणि पेन विसरले.

शुक्रवार, ६ मार्च

आमच्या मुख्य प्रतिवेदकांनी पुन्हा टोकलं. वापरलेल्या वह्या सहा महिन्यांनी यंत्रात घालून फाडायच्या असतात. माझ्या तीन वर्षांच्या कपाटात पडून आहेत. गुपित वगैरे काही नाही, निव्वळ आळस! माझ्याच वळणाची लघुलिपी आहे, माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार?

घरी हे काहीतरी सांगत होते. मी मध्येच म्हटलं, हे झालंय सांगून, पुढे बोला. हे म्हणाले, “मला पण आता दहाच मिनिटं का?” दोघंही हसलो. मग मी जेवण वाढलं आणि पडले.

सोमवार, ९ मार्च

आज जे केलं ते लिहून ठेवते.

मोजणीदार त्यांच्या अशासकीय विधेयकावर बोलले. बारा वर्षं ते एकच मागतायत — कुठल्याही वस्तीपासून तासाभराच्या आत बाळंतपणाची सोय हवी. त्यामागची गोष्ट मला पाठ आहे. तरुणपणी ते एक रस्ता मोजत होते. अडलेल्या एका बाईला चार माणसं बाजेवरून नेत होती. मोजणीदार मोजणीची साखळी टाकत त्यांच्या मागे. दवाखाना एकेचाळीस किलोमीटरवर. ती छत्तिसाव्यावर गेली.

आज ते म्हणाले, चौदा किलोमीटर. आणि मंत्र्यांना मागच्या मंत्र्यांच्या नावाने हाक मारली. सभागृहात कुणाचं लक्ष नव्हतं, निम्मे बाहेर चहाला होते.

मी एकेचाळीस टाइप केलं. नावही बरोबर केलं. बारा वर्षांच्या छापील भाषणांत एकेचाळीसच आहे, म्हणजे ही जिभेची चूक, असं मनाला समजावलं. मुख्यांनी न वाचता सही केली. पण आकडा म्हणजे भाषा नव्हे. हे मला कळतं.

गुरुवार, १२ मार्च

मोजणीदारांची मुलगी आली होती. चाळिशीची, शाळेत गणित शिकवते. कडेवर छापील कार्यवृत्ताचे जाड अंक. माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, “ताई, तुम्हीच हे लिहिता ना? मला फक्त एक सांगा. हे कधीपासून सुरू झालं?”

मी विचारलं, काय?

घरी ते चहात मीठ घालतात. नातवाला मुलाच्या नावाने हाका मारतात. परवा स्वतःच्याच गल्लीत उभे राहून एकाला पत्ता विचारला. डॉक्टरांना जाणून घ्यायचंय की सुरुवात कधीची, त्यावर औषध ठरणार. तिने तीन वर्षांची भाषणं वाचली. “कुठे काही सापडत नाही. छापलेले बाबा एकदम ठणठणीत आहेत.” भाऊ हेच अंक तिच्या तोंडावर धरतो. म्हणतो, सोमवारचं वाच, असं तुला तरी बोलता येईल का? उगाच म्हाताऱ्याला आजारी पाडतेस. त्याच्या भरवशावर ते दर शनिवारी एकटे गाडी चालवत गावी जातात. अडीचशे किलोमीटर.

“मलाच भास होतात का हो?” ती म्हणाली.

मी म्हटलं, बघते. एवढंच म्हटलं. कपाट माझ्या पाठीशी होतं.

विधेयकावर मतदान वीस तारखेला आहे. आता तोंड उघडलं तर त्यांना कुणी उभंच राहू देणार नाही, आणि बारा वर्षांची मागणी तिथेच संपेल. तिला भास होत नाहीत, हे मात्र मी सांगायला हवं होतं. शरम वाटतेय.

शनिवार, १४ मार्च

ते गाडीत असतील. दिवसभर जीव टांगणीला. हे दोनदा म्हणाले, भाजीत मीठ नाही.

सोमवार, १६ मार्च

आले. सुखरूप. गाडीचा पुढचा दिवा फुटलाय. “खांब मध्ये आला,” म्हणाले आणि स्वतःच हसले. मला हसता आलं नाही.

दुपारी त्यांच्या मुलीला फोन केला. म्हटलं, गाडीची किल्ली काढून घ्या, तुम्हाला भास होत नाहीत, बाकीचं शुक्रवारनंतर सांगते.  ती म्हणाली, “दिवा बदलायला गाडी गॅरेजात टाकलीय. गॅरेजवाल्याला सांगते, सामान मिळत नाही म्हण.” गणिताची बाई खरी!

कपाट उघडलं. वह्या काढल्या. जसं बोलले तसं साध्या अक्षरात उतरवायला घेतलंय. तीनदा म्हटलं ते तीनदा. धुतलेलं पुन्हा मळवायचं. नियमात हे कुठेच बसत नाही, समजलं तर निवृत्तीला दोन वर्षं असताना तोंडघशी पडेन.

गुरुवार, १९ मार्च

चौऱ्याण्णव पानं झाली. पहिलं ठेचकाळणं दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतलं. अर्थसंकल्पावर बोलताना ‘सन्माननीय’नंतर काय म्हणायचं तेच त्यांना सुचलं नव्हतं. मी तिथे तीन शब्द घातले होते. सुरेख बसलेत.

शुक्रवार, २० मार्च

आठ मिनिटं छान बोलले. माझीच पाळी. मी मान वर केली नाही, हात चालू ठेवला. गोष्ट आली, बाज आली, साखळी आली. आणि म्हणाले, चौदा.

मंत्री लगेच उठले. “चौदा किलोमीटर म्हणजे गाडीने अर्धा तास. मग सन्माननीय सदस्यांना हे विधेयक हवंय तरी कशाला?” बाकं हसली.

मोजणीदार उभेच. ओठ हलत होते, शब्द नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात चाळीस सेकंद झाले. शांततेला आमच्या लिपीत खूण नाही. माझी पेन्सिल कागदावर टेकून राहिली.

मग त्यांनी पिशवीतून नऊ तारखेचं छापील कार्यवृत्त काढलं. ओळीखाली बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं एकेक शब्द वाचलं. “दवाखाना एकेचाळीस किलोमीटरवर होता. ती छत्तिसाव्यावर गेली.” अंक मिटला आणि म्हणाले, “मी चुकलो असेन. छापलेलं खरं धरा.”

कुणी हसलं नाही. मंत्र्यांनी दोनच वाक्यं बोलून विधेयक समितीकडे पाठवायला मान्यता दिली. आवाजी मतदान झालं. विरोधात एकही आवाज नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा ते दार ओलांडून पुढे गेलं.

आणि ती ओळ त्या दिवशी ते बोललेच नव्हते. ती माझी होती. किंवा त्यांचीच, मी फक्त परत दिली. मला सांगता येत नाही.

वर येऊन टाइप केलं. चौदा, जसं म्हणाले तसं. ‘सदस्य काही काळ निःशब्द’ हेही घातलं. मुख्यांनी आज नेमकं वाचलं. “बाई, हे ठेवायचंय?” म्हटलं, ठेवायचंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

शनिवार, २१ मार्च

सकाळी मुलीच्या घरी पानं नेऊन दिली. भाऊही होता. दोघांनी एकाच बाकावर बसून वाचली. तो मध्येच उठून खिडकीशी गेला. मग बहिणीला म्हणाला, “चुकलं माझं.” एवढंच.

मी म्हटलं, चूक माझी आहे. मी इतकं नीट लावत गेले की तुम्हाला काही दिसलंच नाही.

मुलगी रडत होती, आणि तरी वहीत तारीख लिहून घेत होती. “म्हणजे दोन वर्षं,” म्हणाली. “जुलैपासून.” मी हो म्हटलं.

बुधवार, २५ मार्च

सभापतींनी मोजणीदारांचा राजीनामा वाचून दाखवला. चार ओळींचा. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

सोमवार, ३० मार्च

प्रतोदांच्या कचेरीतली कारकून बाई वर आली. तिथे कुणी कधी बोलायचं याची यादी ठरते. मोजणीदारांची फाइल बंद करताना त्यांच्या हातची एक चिठ्ठी निघाली, ती माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, “या चिठ्ठीवरून दर वेळी तुमची पाळी बघून त्यांचं नाव घालायचे मी. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं.”

‘मला शक्यतो या बाईंच्या पाळीत वेळ द्यावी. हल्ली माझे शब्द निसटतात. त्या उचलून जागेवर ठेवतात आणि कुणाला सांगत नाहीत.’

खाली तारीख. चार वर्षांपूर्वीची. मी मुलीला दोन सांगितली होती.