नवरी माझ्याच गाडीतून जाणार

१२ सप्टेंबर, सोमवार
शनिवारी नेवेनाचं लग्न. माझी मुलगी बापाच्या गाडीतूनच चर्चला जाणार, विटोमिरमामाच्या चकचकीत डब्यातून नाही! गाडीच्या सरकारी तपासणीची मुदत कालच संपली, पास झाल्याशिवाय ती रस्त्यावर काढता येत नाही. किरकोळ काम. उद्या उरकतो.

१३ सप्टेंबर
दार गंजून बसलेलं. हातोड्याने समजावलं. उघडलं, म्हणजे हातातच आलं. सायलेन्सरला लाथ घातली, तोही पडला. बायको म्हणाली, विटोमिरची गाडी सांगून टाकू. हातोडा भिंतीवर फेकला. भिंत जुनीच होती.

१४ सप्टेंबर
दार, सायलेन्सर पक्के बसवले. तरी नापास. टायर गुळगुळीत म्हणे. तपासनिसाची कॉलर धरली. मला बाहेर काढायला तिघे लागले. या वयात वाईट नाही.

१५ सप्टेंबर
तपासणीपुरते टायर उसने आणायचे, हे गावात सगळेच करतात. मेहुणा विटोमिर मात्र नाही म्हणाला. मी एक ठोसा दिला, त्याने दोन. शेवटी बायकोने दोघांच्या डोक्यात बादली घातली, तेव्हा टायर मिळाले. माझा एक दात गेला. मागचा आहे, फोटोत दिसणार नाही.

१६ सप्टेंबर, दुपारी
पास! टायर सोमवारी परत करीन. तोवर विटोमिरची गाडी विटांवर बरी.

१७ सप्टेंबर, शनिवार, सकाळी ८
अंगणात उंच खांबाला सफरचंद टांगलं. नवरदेव बोगदानने ते बंदुकीने पाडल्याशिवाय नवरी न्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. गाडी बरोबर खांबाखाली लावली, सगळ्यांच्या नजरेत भरेल. विटोमिर म्हणाला, "दाजी, गाडी काढा तिथून. बोगदान पहाटेपासून पितोय." जळतोय मेला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
जावईबापूंची पहिली गोळी आभाळात, दुसरी धुराड्यात, तिसरी माझ्या इंजिनात. सफरचंद त्याच्या आजीने एका गोळीत पाडलं.
मी बोगदानचा गळा धरला. नेवेना मध्ये आली. म्हणाली, "बाबा, आज तरी कुणाला मारू नका." हात आपोआप सुटला. लाज वाटली, खरंच.
विटोमिरने टायर काढून आपल्या गाडीला लावले, नवरीला बसवलं आणि गेला. बायकोही त्याच गाडीत. मला जागा उरली नाही.
चार किलोमीटर चाललो. पोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं. पाद्रीबाबांनी विचारलं, नवरीचा बाप होता कुठे? म्हटलं, गाडी लावत होतो.