इनिसच्या हातचं सुकाणू

विमानतळ, पूर्व किनारा
ता. ९ फेब्रुवारी १९४३

ती. एल्स्पेटताईस
गिल्बर्टचा सा. न. वि. वि.

तुझे ओटकेक पोचले. निम्म्यांचा वाटेत चुरा झाला होता. तो आमच्या मंडळींनी दुधात कालवून खाल्ला आणि तुला दुवा दिला. मोजे झकास आहेत, फक्त डावा पाय तू बहुधा बाबांचा धरून विणलास.

सध्या मी भलताच खुशीत आहे. एक नवं विमान तपासायला मिळालंय. नाव लिहीत नाही, गुप्त आहे. अधिकारी म्हणून माझी पत्रं मीच तपासतो, त्यामुळे चोर आणि शिपाई दोन्ही मीच. विमानाचं नाक इतकं लांब की उतरताना ऐन वेळी विमानवाहू जहाजाचा डेक दिसेनासा होतो. कडेने तिरकं डोकावत यायचं, डेकवर इशाऱ्याच्या बॅट घेऊन उभा असलेला माणूस सांगेल तसं वागायचं आणि शेपटीचा आकडा आडव्या तारेत अडकवायचा. नाही अडकला तर पुढे समुद्र आहेच. पण माझ्या हातात ते लोण्यासारखं उतरलं. आमच्या कॅप्टन साहेबांनी तर टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या.

या आठवड्यात मी त्यावर 'डेकसाठी योग्य' असा शेरा देणार. तो दिला की विमानं तुकड्यांकडे जातील. पहिली तुकडी कोणाची, ओळख पाहू? आपल्या इनिसची! वसंतात त्यांचं जहाज निघतंय. मी पारखलेल्या विमानात माझा भाऊ बसणार म्हणून छाती फुगलीय, हसू नकोस.

बाबांना नमस्कार सांग. ते विमानांना कावळे म्हणतात हे ठाऊक आहे, तरी सांग. माया आहेच, तिच्यात खंड नको.
तुझा
गिब

•

क्रेगहेवन
ता. १५ फेब्रुवारी १९४३

चि. गिब यास
ताईचे अनेक आशीर्वाद.

मोज्यांना नावं ठेवणाऱ्याने पुढच्या हिवाळ्यात अनवाणी हिंडावं. इकडे सगळे बरे आहेत. आरमारासाठी सुरुंग काढायच्या होड्या बांधता बांधता बाबांच्या खोकल्याने उचल खाल्लीय, पण त्याबद्दल बोललं की कारखान्यातून मलाच हाकलतात.

तुझं पत्र मी त्यांना तिथेच वाचून दाखवलं. रंधा चालूच होता. लोण्यासारखं उतरलं हे ऐकल्यावर थांबला. एवढंच विचारलं, की ते उतरवलं कोणी. मी म्हटलं, आपल्या गिबने. तर म्हणाले, की गिब चांगला आहे एवढंच त्यावरून कळतं, विमानाचं काय कळलं. आणि पुन्हा रंधा मारायला लागले.

गिब, तेव्हापासून मला चैन नाही. आपल्या कारखान्यातली नवी होडी पहिल्यांदा पाण्यात उतरते, तेव्हा बंदरात आणायला बाबा सुकाणू कोणाच्या हातात देतात? इनिसच्या. होड्यांचे मालक कुरकुरतात, तरी त्याच्याच. का, ते तुला, मला आणि त्यांना ठाऊक आहे. आपल्या घराण्यात त्याच्याइतका वाईट हात कोणाचा नाही. बंदराच्या भिंतीकडे बघायचं सोडून धक्क्यावर आपल्याला कोण कोण बघतंय ते बघतो, उशिरा वळवतो, आणि उशीर झाला की हिसका देतो. इनिसच्या हातून जी सुखरूप आली ती कोणाच्याही हातून येईल, असा बाबांचा हिशोब. आणि तो बिचारा समजतो की सगळ्यांत चांगला हात आपला, म्हणून बाबा आपल्याला बोलावतात! त्या भरवशावरच तो वैमानिक झाला. आपण कधी तोंड उघडलं नाही.

आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता. त्याला मी वाढवलंय. मला विमानातलं ओ की ठो कळत नाही. मला एकच सांग. तुझ्या जागी इनिस असता तर ते उतरलं असतं का?

काळजी लागलीय, लवकर लिही.
तुझी
ताई

•

आरमाराचं इस्पितळ
ता. २४ फेब्रुवारी १९४३

ती. ताईस
सा. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. उजवा खांदा मोडलाय. बाकी सगळं जागच्या जागी आहे, भूकसुद्धा.

तुझं पत्र आलं तेव्हा आधी रागच आला. म्हटलं, सुताराने आता आम्हाला उड्डाण शिकवायचं. शेरा लिहून तयार होता. पण तो देववेना. शेवटची एक फेरी मारतो म्हणून परवानगी काढली आणि मनातल्या मनात विमानात माझ्या जागी इनिसला बसवलं. त्याच्यासारखाच आलो. डेकवर कोण उभं आहे ते बघत, बॅटवाल्याचा इशारा उशिरा मानत, आणि मग हिसका.

ताई, त्या विमानाने क्षणाचीही उसंत दिली नाही. पंख एकदम खाली गेला, एक चाक दुमडलं आणि आम्ही डेकच्या कडेवरून पाण्यात. मला काय करायचं ते ठाऊक होतं म्हणून पट्टे सोडून बाहेर आलो. इनिसला ते सुचलं असतं का, हा विचार तिथे त्या बर्फासारख्या पाण्यातच आला.

मी शेरा बदललाय. साधारण हाताच्या वैमानिकासाठी अयोग्य. कॅप्टन साहेब काल खाटेपाशी येऊन बसले. फार गोड बोलले. म्हणाले, की हात चुकला असं लिहून दे, पहिला शेरा राहू दे, चूक कोणाचीही होते. जहाज वसंतात निघायचंय, विमानांची वाट बघतायत. मुद्दाम वाईट उतरवलं असं म्हणालास तर सरकारी विमान मुद्दाम बुडवणाऱ्याला मी पुन्हा डेकवर पाठवू शकणार नाही, असंही म्हणाले.

हे काम गेलं तर माझ्याकडे काय उरतं ते मला कळत नाही. उद्या उत्तर द्यायचंय. बाबांना आत्ताच काही सांगू नकोस.
तुझा
गिब

•

जहाजावरून
ता. २० मार्च १९४३

ती. गिबदादास

नमस्कार लिहायचीही इच्छा नाही, पण ताई विचारील म्हणून लिहितो.

आमची नवी विमानं रद्द झाली. तुझ्या शेऱ्यामुळे. आता जुन्या, रडतखडत चालणाऱ्या विमानांतून आम्ही निघणार. भोजनगृहात सगळे मला विचारतात, की तुझा भाऊ समुद्रात पडला म्हणून आम्ही का भोगायचं. त्यांना काय सांगू? तुझा हात चुकला हे कबूल करायला लाज वाटली, म्हणून तू विमानावर ढकललंस, असंच ना?

तुला मी चांगला ओळखतो. लहानपणापासून तुझ्या पोटात दुखतंय. नवी होडी आली की बाबा तुला नाही, मला बोलवायचे. चांगला हात कोणाचा ते त्यांना कळत होतं. ते विमान मी उतरवून दाखवलं असतं.

यापुढे मला पत्र पाठवू नकोस.
इनिस

•

वैमानिक प्रशिक्षण शाळा
ता. २ एप्रिल १९४३

ती. ताईस
सा. न. वि. वि.

मी मुद्दामच तसं उतरवलं, असं लिहून दिलं. साहेबांनी शब्द पाळला. आता मी इथे फळ्यावर खडूने विमानं उडवतो. पोरं जांभया देतात. जहाजावर पुन्हा पाय ठेवायला मिळेल असं वाटत नाही, आणि खोटं कशाला बोलू, फार जड जातंय. ज्या कामासाठी मी जन्मलो ते हातातून गेलं.

त्या विमानाची दुरुस्ती चाललीय म्हणे. पण मी बरोबर होतो असं कोणी म्हणत नाही, आणि म्हणणार तरी कसं? कोणी मेलंच नाही. जे घडलं नाही त्याचा पुरावा मी कुठून आणू? कधीकधी मलाच वाटतं, उतरवलंही असतं त्याने.

इनिसचं पत्र आलं. सोबत पाठवतो, वाच आणि चुलीत टाक. तुझा स्वभाव मी जाणतो, तू त्याला एका दमात सगळं ऐकवशील. ताई, तुला आईची शपथ, सुकाणूचं त्याला कधीही सांगायचं नाही. वैमानिकाने आपल्या हातावरचा भरवसा गमावला की तो चांगल्या विमानातही मरतो. माझ्यावर रागावला तर रागावू दे. रागवायला आहे तरी.

तुझ्या पत्राखेरीज दुसरं कोणतं पत्र येत नाही, तेवढं लक्षात असू दे.
तुझा
गिब

•

क्रेगहेवन
ता. २६ एप्रिल १९४३

चि. गिब यास
ताईचे अनेक आशीर्वाद.

शपथ पाळलीय, पण जीभ चावून चावून सुजली. इनिस निघण्याआधी रजेवर येऊन गेला. अंगाने भरलाय, भाजलेल्या हेरिंग मासळीवर तुटून पडला, तुझं नाव मात्र काढलं नाही. तो होता तेव्हाच नवी होडी पाण्यात उतरली. बाबांनी नेहमीसारखं सगळ्यांदेखत त्यालाच बोलावलं.

नेहमीसारखाच आला बघ. टोपी उंचावून धक्क्यावरच्या पोरींना सलाम केला आणि मग हिसका. होडी भिंतीला चांगलीच घासली. पण फळी टिकली. वर येऊन मला म्हणाला, की गिबदादाला आवर्जून कळव, बाबा अजूनही मलाच बोलावतात. त्याने सांगितलं म्हणून कळवते आहे. मला तिथेच रडू फुटलं असतं, म्हणून चुलीवरचं सूप बघायचं निमित्त करून घरात पळाले.

संध्याकाळी बाबा एकटेच त्या घासलेल्या फळीवर हात ठेवून उभे होते. तुझी सगळी पत्रं मी त्यांना वाचून दाखवली होती, तू नको म्हणालास तेसुद्धा. आयुष्यात कधी निरोप न देणारा माणूस, पण म्हणाले, गिबला लिही. खांदा बरा झाला की येऊन जा म्हणावं. सुकाणू काही तुला देणार नाही. पण इनिस बंदरात शिरतो तेव्हा धक्क्यावर एकट्याने उभं राहणं आता या वयात होत नाही, शेजारी कोणीतरी हवं.

वाट बघतो आहोत.
तुझी
ताई