मडमच्या हामचं मीठ

२७ डिसेंबर १९३६, रविवार

आज बंगल्यात भांडण झालं. भांडण म्हणजे काय — मडम एकटीच बोलली.

झालं असं. नाताळाला मुंबईहून डुकराची अख्खी मांडी आली. साहेबलोक तिला हाम म्हणतात. दोन दिवस खाल्ली तरी निम्मी उरली. दर साली उरते. मग उरलेल्याचा बारीक चुरा करायचा, त्यात उकडलेली अंडी, बाटलीतली आंबट काकडी आणि मोहरीची पिवळी चटणी कालवायची, अन् पावाला फासायचं. चहाबरोबर खातात. हे सगळं गोव्याचा पेद्रू करायचा. मागच्या पडवीत त्याची वेगळी चूल, वेगळी सुरी. पेद्रू पावसाळ्यात आगबोटीवर गेला तो गेलाच.

मडम फकरूभाऊला म्हणाली, तू कर. फकरूभाऊ बंगल्याचा जुना खानसामा. सगळं रांधतो, पण डुकराला हात लावणार नाही. मुसलमान माणूस, कसा लावील? मडमला काय ठाऊक नाही? तरी म्हणाली, "तुम नहीं करेगा तो दूसरा आएगा."

फकरूभाऊच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. दुसरा त्याच वाटेवर. या वयात त्याला दुसऱ्या कुठल्या बंगल्यात चुलीपुढं कोण उभं करील?

मी न्हाई म्हटलं की नंदा 'नाही' लिहिते. सून चौथी शिकलेली, मांडीवर तान्हं लेकरू. तिचं अक्षर मोडू नये म्हणून मी सांगायचं आणि तिनं लिहायचं, असा आमचा ठराव. मी बोलते चिखलातनं, ती लिहिते फरशीवरनं!

२८ डिसेंबर

मडमला सांगितलं — मी करते.

नंदा इथंच थांबली. टाक हवेत. "आत्याबाई, डुकराला हात?"

"लिही. तुझा आजेसासरा नवलाख उंबरे गावच्या रानात डुक्कर मारायचा, तवा सगळ्या आळीत वाटे जायचे."

"ते रानातलं. हे पाळलेलं."

"व्हय. रानातलं कंदमुळं खातं अन् हे साहेबाचं उष्टं. मग घाण कोण, डुक्कर का साहेब?"

हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

खरं म्हणजे मलाही शिसारी आली. बंगल्यात मी कपडे धुते, भांडी घासते, पोरं लहान होती तेव्हा पोरं सांभाळली. पण ती मांडी उतरवताना तोंड फिरवायचे.

पण मानमोडीच्या साथीत आमचे मालक गेले, मी तापानं पडलेली, लेक सोपान एवढासा. आळीतलं कुणी दाराशी फिरकलं नाही. फकरूभाऊ येऊन पेजेचं भांडं उंबऱ्याबाहेर ठेवायचा आणि खोकून निघून जायचा. ते खोकणं म्हणजे, बाई, पेज आलीय. पेज कुणाच्या हातची हे तेव्हा मी विचारलं नाही. भूक असल्या चौकशा करत नाही.

बंगल्यामागं त्याची एक खोली आहे. तीही नोकरीबरोबर जाईल. मग लेकीच्या घरी, जावयाच्या ओसरीवर. फकरूभाऊ म्हणजे कसला माणूस — दुसऱ्यानं केलेला चहासुद्धा पीत नाही. तो जावयाची भाकरी खाणार!

२९ डिसेंबर

नंदेनं पाण्याचा हंडा वरच्या फळीवर ठेवला. माझा हात पोचत नाही तिथं. हे वाक्य मात्र तिनं सुरेख अक्षरात काढलंय.

३० डिसेंबर

आज केलं.

पेद्रूची सुरी गंजलेली होती, राखेनं घासली. फळी उन्हात टाकली. मी मागच्या पडवीत बसले आणि फकरूभाऊ स्वयंपाकघराच्या दारात, वेताचा मोडा टाकून. मध्ये एक उंबरा. त्याचं खिमा काढायचं यंत्र मागायची सोय नव्हती, त्यात डुक्कर गेलं की ते त्याला बाद. म्हणून हातानं चिरलं. चरबी बाजूला काढली, गुलाबी तेवढं घेतलं. आधी लांब तुकडे, मग आडवे, मग सुरी चालवत राहायची. पार भुगा होईस्तोवर.

फकरूभाऊ डोळे बारीक करून बघतो. "अजून बारीक, सरूबाई. पेद्रूचं रव्यावाणी असायचं."

"तुमाला हितनं काय दिसतंय?"

"दिसत न्हाई. ऐकू येतंय. सुरी अजून जाड वाजती."

त्यानं आपल्या बाजूला अंड्याचा बलक घोटला. त्यात तेल थेंब थेंब — एकदम ओतलं तर फाटतं म्हणे. मोहरीची पूड, सिरका, मीठ. घट्ट, पिवळं, मलईसारखं झालं. वाडगं त्यानं उंबऱ्यावर ठेवलं, हात मागं घेतला, मग मी उचललं. लग्नात मुलगी सासरी देताना इतकी काळजी घेत नाहीत.

चुऱ्यात मी अंडी कुस्करून घातली, काकडी बारीक करून घातली, त्याची पिवळी मलई घातली. मटण म्हटल्यावर मीठ घातलं. कालवलं. दिसायला झकास! पावावर फासलं, कडा कापल्या, ओलं फडकं झाकून आत पाठवलं.

फकरूभाऊ म्हणाला, "वास बराबर आलाय." आम्ही दोघं हसलो. मी हात तीनदा धुतले तरी घरी येताना पदराला लावले नाहीत.

३१ डिसेंबर

मडमनं पहिला घास तोंडात घातला आणि रुमालात काढला. साहेब पाणी पाणी करत उठला. पाहुणी मडम तर नुसती डोळे मिचकावत बसली, शेजारी कोण बघतंय ते बघत. खारट ठार!

मडम फकरूभाऊला बोलली. मी पुढं झाले, मीठ मी घातलं म्हटलं. ती म्हणाली, "खानसामा कौन है?"

मग आम्ही दोघं पडवीत बसलो.

"मीठ तुमी घातलंत?"

"घातलं. मटणाला घालत न्हाईत व्हय? तुमी घातलंत?"

"मलईत घातलं. न्हाई घातलं तर ती लागत न्हाई."

काकडीही मिठातलीच. आणि घरी सोपान म्हणाला — तो आगगाडीच्या शेडमध्ये कामाला आहे, तिथं एक गोवेकर फिटर आहे — तो फिटर म्हणे, हाम मुळात मिठाच्या पाण्यात आठवडा आठवडा मुरवलेला असतो. चार मिठं झाली! पेद्रूनं कधी सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही. दोन म्हातारी माणसं, साऱ्या जन्माचा चुलीशी संबंध, आणि एकानंही जिभेला लावून बघितलं नाही. लावणार तरी कोण?

मडमनं शेवटचं सांगितलं. दहा तारखेला मुंबईहून रेल्वेचा मोठा साहेब चहाला येणार. आदल्या दिवशी नवा हाम येईल, रात्री खातील, उरेल त्याचं दुसऱ्या दिवशी चहाला हेच करायचं. यावेळी बिघडलं तर फकरूभाऊनं खोली खाली करायची.

२ जानेवारी १९३७

फकरूभाऊनं आज दुधाच्या पातेल्यात पाय दिला. पातेलं खाली ठेवलेलं त्याला दिसलंच नाही. मीच सांडलं म्हटलं.

५ जानेवारी

विचार करतेय.

मडमला म्हटलं, जराशी चव बघता का, मग वाढते. ती म्हणाली, चव खानसाम्यानं बघायची असते. बरोबर आहे. सासूनं जेवण करायचं आणि सुनेनं चव बघायची, असं आमच्यातही कुठं असतं? (नंदा, लिही. टोमणा नाही, उदाहरण आहे.)

साहेबाच्या कुत्र्याला घालून बघितलं. त्या दिवशीचं खारट उरलेलं. त्यानं वाडगं चाटून फिरवलं आणि अजून मागितलं. कुत्र्याच्या जिभेवर स्वयंपाक चालत नाही.

फकरूभाऊला मी एकदाच विचारलं — असंच, चेष्टेत. "जिभेच्या टोकाला, भाऊ? अल्ला काय एवढ्याकडं बघत बसलाय?"

तो रागावला नाही. म्हणाला, "त्यो बघतो का न्हाई मला ठाव न्हाई. मी तर बघतोय ना."

एका डोळ्यानं बघणारा माणूस, पण बघतो नीट.

मग माझं काय? मला कुणी शपथ घातलेली नाही. माळ नाही गळ्यात. मटण मी खाते. नुसती किळस आहे आणि लोकं आहेत. किळस माझी, लोकं परकी. यातलं जास्त जड काय, हे रात्रंदिवस मनात घोळवतेय.

६ जानेवारी

लोकं म्हणजे तरी कोण? हंडा फळीवर ठेवणारी एकच.

९ जानेवारी, शनिवार

नंदे, टाक खाली ठेवायचा नाही. मी थांब म्हणेपर्यंत लिहायचं.

नवा हाम आज पहाटे आला. संध्याकाळपर्यंत उकडायला मडमनं मला सांगितलं. फिटरचा निरोप सोपानकडनं आलेला — आधी पाण्यात बुडवून ठेव, पाणी बदल, मग उकड. तसं केलं. रात्री जेवण झालं, उरलं ते जाळीच्या कपाटात गेलं. त्यातला नखाएवढा तुकडा मी काढला. पडवीत गेले. कुणी नव्हतं. सुरीच्या टोकावर घेऊन उभी राहिले.

सासऱ्याचं रानडुक्कर आठवायचा प्रयत्न केला. ते आठवेना. त्याऐवजी पेजेचं भांडं आठवलं. मग तोंडात घातलं.

खारट. जरा गोडूस. धुराचा वास. दात लागले तसं मऊ. थुंकायचं म्हणून तोंड फिरवलं होतं, पण गिळलं. मग दुसरा तुकडा घेतला — पहिल्यात नीट समजलं नाही म्हणून. (असं आपण म्हणू.)

आता मला ठाऊक आहे. मटणाला मीठ नाही. मलईत नाही. काकडी पिळून, पाणी टाकून. मोहरी थोडी वाढवायची, साखर चिमटीभर. जिभेला कळलं की हात आपोआप चालतो, तिथं डोकं लागत नाही.

थांब.

नंदा उठली. हंडा फळीवरनं खाली घेतला, तांब्या भरून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "आधी चूळ भरा, आत्याबाई. मग लेकराला घ्या."

१० जानेवारी, रविवार

जमलं!

मोठ्या साहेबानं तीनदा घेतलं. मडमचा चेहरा लोण्यासारखा. ताट रिकामं आलं, कडांचे पाव सुद्धा गेले. मोठा साहेब मडमला काहीतरी म्हणाला, ती हसली आणि माझ्याकडं बोट दाखवलं. मोठ्या साहेबानं मान डोलावली. मला! माझ्या आयुष्यात माझ्याकडं बोट झालं ते फक्त पाटलाच्या आंब्याच्या झाडाखाली.

फकरूभाऊ स्वयंपाकघरात मोड्यावर बसलेला. त्यानं दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले. "बचावलो, सरूबाई."

"चव कशी बघितली म्हणून न्हाई विचारणार?"

"न्हाई."

मग आधण ठेवता ठेवता म्हणाला, "तुमी आज दारातच उभ्या राहून जेवलात. रोज बसता." ओळखलं त्यानं, मी चुलीपासून लांब का राहिले ते. त्यानं माझ्यासाठी वेगळा चहा केला, स्वतःच्या कपात, आणि उंबऱ्यावर न ठेवता हातात दिला.

११ जानेवारी

अंग दुखतंय. पण मन हलकं आहे. फकरूभाऊ सकाळी अंडी तळताना गुणगुणत होता. सूर धड नव्हता.

१३ जानेवारी

मडमनं विचारलं — रस्सा येतो का, पुडिंग येतं का, कोंबडी भाजता येते का. म्हटलं, बघून बघून सगळंच येतं. बरं वाटलं विचारल्यावर. का विचारलं, ते मात्र मी विचारलं नाही.

१५ जानेवारी, शुक्रवार

फकरूभाऊ दुपारच्या गाडीनं कान्ह्याला गेला, लेकीकडं. मडम म्हणाली, "सरू सब करता. दो आदमी किस वास्ते?" कोठीची किल्ली तिनं माझ्यापुढं धरली.

मी घेतली.