कोणता देश, एवढंच विचारलं

नांदेड, मुलींचं वसतिगृह
दि. ८ सप्टेंबर २०२४

ती. स्व. चतुरा आत्यास,
दीपालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरं तुला वाचवत नाहीत, म्हणून नेहमीसारखं पत्रच. शिवाय ही गोष्ट शेजाऱ्यांकडून वाचून घेण्यासारखी नाही.

आत्या, माझी निवड झाली! आमच्या अन्नतंत्रज्ञानाच्या कॉलेजातून दोघींना एका सत्रासाठी बेल्जियममधल्या गेन्ट नावाच्या शहरात पाठवणार आहेत. एक मी आणि दुसरी माझी खोलीतली मैत्रीण अयोध्या. फेब्रुवारी ते जून. फी माफ, राहण्याखाण्याला विद्यावेतन. यादीत नाव दिसलं तेव्हा मी तिथल्या तिथे जिन्यावर बसले.

मागच्या शनिवारी हदगावला गेले. बाबा शेतातून येऊन जेवायला बसले तेव्हा सांगितलं. इतके खुश झाले की आईला म्हणाले, आधी पेढे आणतो, मग जेवतो. मग त्यांनी कोणता देश, एवढंच विचारलं. मी बेल्जियम म्हणाले. आत्या, त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, उठून हात धुतला आणि जायचं नाही म्हणून सांगितलं. का, ते नाही. आई विचारून विचारून थकली. ज्या माणसानं गावाची बोलणी खाऊन मला अकरावीपासून नांदेडला एकटीला ठेवलं, तोच हा माणूस का, असं मला झालं. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

तू त्यांची अक्का. तुझा शब्द ते मोडत नाहीत. समजाव ना.

इकडे माझ्या डोक्यात नुसते प्रश्न. खोली कॉलेजजवळची महाग घ्यावी का लांबची स्वस्त? स्वेटर किती न्यावेत? ज्वारीचं पीठ टिकेल का? आजारी पडले तर काय? तुला विचारून काय उपयोग म्हणा, तुझी उडी हैदराबादपर्यंत! पण तुला लिहिलं की माझं मन हलकं होतं.

तुझ्या मायेची वाट बघणारी,
दीपाली

*

शिरूर अनंतपाळ
दि. १५ सप्टेंबर २०२४

चि. दीपालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं यश वाचून डोळे भरून आले. मग देशाचं नाव वाचलं आणि दूध उतू गेलं तरी मला उठता आलं न्हाई. सटवाजीवर चिडू नकोस. त्याचं मी बघते.

आधी तुझे प्रश्न. खोली जवळच घे, लहान का असेना. फेब्रुवारीत तिकडे आठ वाजून गेल्यावर उजाडतं. अंधारात लांबचं जाणं-येणं नको वाटतं आणि मग माणूस बाहेर पडायचंच सोडतं. खोली घेताना दार आतून लागतं का आणि किल्ली तुझ्या हातात देतात का, हे बघ. नुसता फोटो बघून कुणाला पैसे धाडू नकोस. कॉलेजचं वसतिगृह असलं तर तेच बरं.

स्वेटर लई नेऊ नकोस, आपले स्वेटर तिकडच्या वाऱ्याला पुरत न्हाईत. आतून घालायचे लोकरी कपडे दोन जोड ने. कोट तिकडे जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगला मिळतो. बुटाचा तळ खरबरीत पाहिजे. गल्ल्यांत दगड बसवलेले असतात, पाऊस झाला की तेल सांडल्यासारखे होतात. नळाचं पाणी बिनघोर पी, पण ते जड असतं, केस राठ होतात. खोबरेल ने. पीठ महिनाभर टिकतं, पण त्यांच्या विजेच्या शेगडीवर भाकर फुगत न्हाई, थालीपीठ लाव. रविवारी दुकानं बंद असतात, भाजी शनिवारीच आण. ताप आला तर लपवू नकोस.

आणि पासपोर्ट. तो कुणाच्या कपाटात ठेवायचा न्हाई. माणूस किती का भला असेना.

तुझ्या गेन्टकडं डच बोलतात. ती मला येत न्हाई, ब्रसेल्सकडची फ्रेंच वेगळी.

जिवाला जपून राहा.
तुझी आत्या

*

नांदेड
दि. २१ सप्टेंबर २०२४

ती. स्व. आत्यास सा. न.

तुझं पत्र अयोध्यानं माझ्या हातून ओढून घेतलं आणि नेटवर एकेक गोष्ट तपासत बसली. आठनंतर उजाडणं, जड पाणी, रविवारची दुकानं, सगळं खरं निघालं. मग आम्ही दोघी शेवटच्या ओळीपाशी येऊन थांबलो. ती मला येत नाही, म्हणजे दुसरी येते?

बाबांना फोन करून ती ओळ वाचून दाखवली. पलीकडून फोन बंद झाला.

आत्या, तू कधी गेली होतीस? कुणाबरोबर? आणि आम्हाला सगळ्यांना हैदराबाद का सांगितलंस? मला एक दिवससुद्धा थांबवू नकोस.

तुझीच,
दीपाली

*

शिरूर अनंतपाळ
दि. २७ सप्टेंबर २०२४

चि. दीपालीस आशीर्वाद.

लिहिते. पंचवीस वर्षांत तुझ्या बापाशिवाय कुणाला सांगितलं न्हाई, म्हणून कुठून धरावं कळंना.

तुझे फुफाजी गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची. लातूरला एका दवाखान्यात आया म्हणून लागले. तिथल्या डॉक्टरीणबाईंची लेक ब्रसेल्सला होती, तिला जुळं झालं. सहा महिन्यांसाठी चल, म्हणाल्या. तुझी आजी नको म्हणत होती. सटवाजी तेव्हा तेवीस-चोवीसचा, घरातला कर्ता. त्यानं होकार दिला, माझ्या कागदांवर साक्षीची सही केली. विधवा बाई सातासमुद्रापलीकडं गेली म्हटलं तर लोक काय बोलतील, म्हणून गावात हैदराबाद सांगितलं. अठ्ठ्याण्णव सालचा ऑगस्ट.

उतरल्यावर त्या मुलीनं माझा पासपोर्ट घेतला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. हरवशील, म्हणाली. मला बरंच वाटलं. मग ती दोघं कामावर जाताना बाहेरून दार लावायला लागली. सहा महिने झाले, मी जाण्याचं विचारलं, तर तिकीट महाग आहे, नंतर बघू. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून जग बघायची. लेकरांवर माझा जीव होता, ते खोटं न्हाई सांगत.

मार्चात एक दिवस कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले. रोज त्या मुलीचा नवरा दारात उभा राहायचा, त्या दिवशी फोन आला म्हणून आत वळला. मी पिशवी ठेवली आणि चालायला लागले. पायात घरातल्या सपाता. ट्रामच्या थांब्यावर बसून रडू लागले तर एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या पायाकडं बघितलं आणि हाताला धरून पोलिसांकडं नेलं. मला तिकडचे तीनच शब्द येत होते: दार, कुलूप, पासपोर्ट. त्या तीन शब्दांवर संध्याकाळच्या आत पासपोर्ट माझ्या हातात आला.

पण पुढचं ऐक, कारण ते सटवाजी कधी सांगणार न्हाई. तिथल्या एका संस्थेनं मला म्हाताऱ्या माणसांच्या घरात स्वयंपाकघरात काम लावून दिलं. स्वतःची खोली, स्वतःची किल्ली. संध्याकाळी भाषेचा वर्ग. नऊ महिने मी तिथं राहिले, आणि पोरी, मी सुखात होते. एवढ्या सुखात की माझं मलाच भ्या वाटायचं. तिथल्या मोठ्या बाईंनी कायमचे कागद करायला घेतले होते. डिसेंबरात सटवाजीचं पत्र आलं, आई अत्यवस्थ आहे, तोंड बघायचं असलं तर ये. आले. देवाची कृपा, मी येईपर्यंत आई उठून बसली होती. परत जाण्याचं नाव काढलं की ती रडायची. राहिले.

तुझ्या बापाला ते कुलूप आठवत असणार, म्हणून तो नको म्हणतोय. त्याला मी आजच लिहिलंय की कुलपाची गोष्ट वेगळी आणि कॉलेजाची वेगळी.

हे वाचून मला कमी समजू नकोस, एवढंच मागते.
आत्या

*

हदगाव
दि. ९ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
सटवाजीचा पायावर डोकं ठेवून दंडवत.

तुझं पत्र भेटलं. तू लिवलंस की मला कुलूप आठवत असल. आठवतं. त्या कागदावरची माझी सही अजून डोळ्यापुढं येती. पण अक्का, तेवढंच न्हाई. आठ दिवस झाले, कागद घेऊन बसतो आन् उठतो. कावेरी विचारून राहिली काय लिहून राहिलाव, तिला काय सांगू.

आई अत्यवस्थ नव्हती. त्या वक्ताला तिला साधा खोकला बी नव्हता. ती तर उमरीला मावशीकडं होती, तिला त्या पत्राची खबर बी न्हाई. नंतर मी तिला सांगितलं की अक्काला तुझ्या दुखण्याचं कळवलंय, तसंच बोल. तिनं मला शिव्या घातल्या, पण तू येणार म्हणून गप बसली.

माझी सोयरीक जमली होती. कावेरीच्या घरचे विचारायचे, बहीण हैदराबादेत कुठं असती, एकदा बी का येत न्हाई. गावात नको ते बोलायला लागले. त्यात तुझं पत्र आलं, खोली भेटली, किल्ली भेटली, इथंच राहावं वाटतंय. ते वाचून मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला राग आला. मग भ्या वाटलं की तू आता येतच न्हाईस. बसलो आन् खोटं लिवलं.

आता दीपा बी त्याच मुलखाला जाते म्हणाली तर घास उतरंना. ती बी तिथंच राहील, हे भ्या हाय. आन् तिकडं तिला कुणी तुझं विचारलं तर माझं बिंग फुटंल, हे बी हाय. खोटं बोलत न्हाई आता.

मला माफ कर म्हणायची माझी लायकी न्हाई.
तुझा धाकटा,
सटवाजी

*

शिरूर अनंतपाळ
दि. २० ऑक्टोबर २०२४

चि. सटवाजीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. चार दिवस माझ्या पोटात अन्न गेलं न्हाई. आई बरी झाली म्हणून चोवीस वर्षं मी शनिवार धरते. कशासाठी धरत होते रे?

आईनं मरेपर्यंत मला काही कळू दिलं न्हाई. तिचं मी काय करू, सांग. तुझ्यावर तरी ओरडता येतं.

मी यंदा भाऊबीजेला येणार न्हाई.

दीपालीचं तू तुझं ठरव. पण एक ध्यानात ठेव. तिला पाठवलंस म्हणजे माझं फेडलंस, असं समजू नकोस. माझं ते माझं गेलं. तिला पाठवायचं तर तिच्यासाठी पाठव.

कावेरीस व घरात सर्वांस आशीर्वाद.
चतुरा

*

शिरूर अनंतपाळ
दि. १८ नोव्हेंबर २०२४

चि. दीपालीस अनेक आशीर्वाद.

बाबांनी तुझ्या जाण्याच्या कागदांवर सही केली, आणि पोलीस तपासणीला स्वतः ठाण्यात तुझ्याबरोबर आले, हे तुझ्या पत्रातून वाचलं. ते शिरूरला येऊन गेले तेव्हा काय झालं म्हणून तू विचारतेस. तुझ्या बापानं तुझ्यापुढं सगळं कबूल केलंय, मग आता लपवायचं काय राहिलं.

भाऊबीजेला दिवसभर मी दार लावून बसले होते. दुपारी भांड्याचं पाणी टाकायला दार उघडलं तर तो ओट्यावर बसलेला. तासभर दार वाजवत होता म्हणे. मला काही ऐकू आलं न्हाई, आणि त्याला वाटलं मी उघडत न्हाई. तरी उठून गेला न्हाई. पहाटे हदगावहून निघालेला, तोंड सुकलेलं. आत घेतलं, जेवू घातलं. ओवाळलं न्हाई. हात उचलला गेला न्हाई, खरं सांगते.

जेवण झाल्यावर त्यानं पिशवीतून एक पाकीट काढून माझ्यापुढं ठेवलं. वर माझं नाव, परदेशी तिकीट, मार्च दोन हजार सालचा शिक्का. मी कशाला हात लावलाय तेच मला कळंना. त्यानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून सांगितलं की हे तेव्हाच आलं होतं, मी फोडलं, भाषा कळली न्हाई, म्हणून तुला द्यायची पण हिंमत झाली न्हाई आणि फाडायची पण.

दीपाली, ती भाषा मी चोवीस वर्षांत तोंडातून काढलेली न्हाई. चष्मा लावला आणि वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी अडखळले. मग एकेक शब्द सापडत गेला. मोठ्या बाईंनी लिहिलं होतं की तुमची आई बरी असेल अशी आशा करते, तुमची खोली जूनपर्यंत कुणाला दिलेली न्हाई, स्वयंपाकघरातली माणसं तुमची वाट बघतात. सटवाजी माझ्या तोंडाकडं बघत होता. मी त्याला सगळं मराठीत मोठ्यानं वाचून दाखवलं. जूनपर्यंत, हे दोनदा वाचलं. तो भिंतीकडं तोंड करून लेकरासारखा रडला. मी त्याला उगी म्हणाले न्हाई. रडू दिलं. मग चहा केला, दोघांनी घेतला.

परवा मी लातूरला जाऊन पासपोर्टचा अर्ज दिला. तू दचकलीस ना? मीही दचकले. पैशाची फिकीर करू नकोस, शाळेच्या खिचडीच्या कामातलं माझं मी साठवलंय. तर आता प्रश्न मी विचारते, नीट उत्तरं दे. मे महिन्यात तुझ्या खोलीत एका पाहुणीला आठ दिवस निजू देतात का? बोलावण्याचं पत्र कॉलेजाचं चालतं का तुझंच लागतं? ऐकू न येणाऱ्या माणसाला विमानात कसं सांगतात? म्हाताऱ्यांचं ते घर अजून चालू आहे का, हे तुझ्या त्या नेटवर बघ. मोठ्या बाई असणार न्हाईत, माझा हिशेब मला कळतो. तरी विचार.

लातूरला सटवाजी बरोबर आला होता, मीच बोलावलं होतं. तिथं अर्ज हातात घेऊन म्हणायला लागला, अक्का, मी भरतो. त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. सही माझी मीच केली.

तुझ्या उत्तराची रोज वाट बघणारी,
तुझी आत्या
चतुरा